साडेसहा लिटरचा डबा

डबा उलटा केला तसे त्यातून तांदूळ पडले. सत्तावीस दाणे. मी ते मोजले, कारण त्या क्षणी दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. त्यांच्या मागोमाग झेंडूच्या तीन सुकलेल्या पाकळ्या आल्या आणि टेबलावर हळदीची एक पिवळी रेघ सांडली.

"अक्षता," मुल्लाणीचाचा म्हणाले. "तरी मी म्हणतोय, पंखा अडला कशानं."

टेबलाच्या पलीकडे वनिता सुतार उभी होती. आंबर्डेवाडीच्या दूध संस्थेची ती सचिव. पस्तिशीची, अंगाने सडसडीत, पदर कमरेला खोचलेला. एक जुना वर्तमानपत्राचा कागद तिने पुढे सरकवला आणि ते सगळं त्यावर गोळा केलं.

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. साल दोन हजार बारा. दुपारचा एक वाजला होता. सकाळचं दूध जाऊन संध्याकाळचं यायला अवकाश होता, त्यामुळे संस्थेत आम्ही तिघंच होतो. धुतलेल्या फरशीवर रिकामे कॅन उपडे घातलेले आणि दारात एक कुत्रं झोपलेलं.

त्या डब्याबद्दल सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या पोटातलं सगळं सामान ज्यात बसतं तो पत्र्याचा डबा. दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणतात, गावाकडे सरसकट सीपीयू म्हणतात, आमच्या शिरोलीच्या कारखान्यात त्याला डबाच म्हणायचे. कारखाना तसा इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या करणारा. एके दिवशी मालक, मगदूमदादा, तालुक्याच्या दूध संघाचं काम घेऊन आले. गावोगावच्या संस्थांत वजनकाटा आणि फॅट मशिनला जोडलेले कॉम्प्युटर बसवायचे होते. संस्थेचं टेबल म्हणजे केवढं? त्यावर काटा, फॅट मशिन, पावतीचा प्रिंटर, वही आणि सचिवाची दोन कोपरं. उरलेल्या जागेत मावेल असा लहान डबा संघाला हवा होता.

तो डबा मी काढला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि ते माझं पहिलंच स्वतंत्र डिझाइन. नमुना म्हणून आणलेल्या डब्याचं आकारमान नऊ लिटर होतं. मी हट्टाला पेटून साडेसहावर आणला. दोन रात्री झोपले नाही, मगदूमदादांनी अख्ख्या कारखान्याला पेढे वाटले, आणि मी महिनाभर हवेत चालत होते. त्या साडेसहा लिटरसाठी मी काय काय कापलं होतं ते मलाच ठाऊक होतं. मला आणि मुल्लाणीचाचांना.

मुल्लाणीचाचा आमचे पत्रा वाकवणारे मिस्त्री. तीस वर्षं त्याच मशिनवर. ड्रॉइंग हातात घेऊन ते तेव्हाच म्हणाले होते, "म्याडम, आतल्या कडा दुमडून घेऊया. कापलेला पत्रा तसाच ठेवला तर सुरी हुती त्याची."

दुमडायला प्रत्येक बाजूने तीन मिलिमीटर जातात. मी म्हटलं, "नको चाचा, आत कोण हात घालणार आहे?"

संघाने सहा गावांत सहा डबे तीन महिन्यांच्या चाचणीला लावले. चाचणी पार पडली तर एकशे ऐंशी डब्यांची ऑर्डर. पाच डबे सुरळीत चालले. सहावा, आंबर्डेवाडीचा, दसऱ्याच्या सकाळी ऐन दूध घालायच्या वेळी तापून बंद पडला. आतली हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर दहा दिवसांच्या नोंदी. लोकांनी गोंधळ घातला. म्हणून आम्ही आलो होतो. बिघाड का झाला ते लिहून द्यायचं, आणि पाच वाजता संघाचे इनामदारसाहेब येऊन ते घेऊन जाणार.

"म्याडम," वनिता म्हणाली, "तुमच्या कागदात काय निघंल ते निघू दे. फकस्त एक सांगते. चेअरमन म्हणालेत, सचिवाची चूक निघाली तर तुला घरी बसवणार. आठ वर्षं झाली मला हितं. घरात दोन पोरं हाईत, बाबा हाईत. माझ्याबिगर मिळवणारं कोण न्हाई."

तिने रडून सांगितलं नाही. मापात तक्रार असली की गवळ्याला जसं सांगतात तसं सांगितलं.

"मी जे दिसेल तेच लिहीन," मी म्हणाले. आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

पंखा काढायला मी स्वतः बसले. डबा माझा, तेव्हा मला यायला हवं. अकरा स्क्रू काढले. मग कळलं की पंख्यापर्यंत पोचायला आधी पॉवर सप्लाय काढावा लागतो, पॉवर सप्लाय निघायला हार्ड डिस्कची पट्टी सोडवावी लागते, आणि त्या पट्टीचा मागचा स्क्रू अशा ठिकाणी आहे की तिथे पेचकस तिरका धरूनच जातो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मी हे सगळं सुटं करून, फिरवून, पारदर्शक करून शंभरदा पाहिलं होतं. तिथे पत्रा हाताला लागत नाही. इथे लागला. पट्टी ओढताना उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापासून नखापर्यंत चिरलं.

मुल्लाणीचाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. तो त्यांचा चांगुलपणा.

वनिता आत गेली. भिंतीवरच्या फळीवर देवाचा फोटो होता, त्याच्यापुढे पूजेचं ताट तसंच होतं. त्यातली चिमूटभर हळद तिने माझ्या बोटावर दाबली आणि वर चिंधी बांधली. बांधताना तिचे हात मला जवळून दिसले. बोटांवर बारीक बारीक रेघा होत्या. काही बऱ्या झालेल्या, काही ताज्या.

"हे कशाने?"

"ह्येच की," तिने डब्याकडे मान वळवली. "महिन्यातनं दोनदा उघडते मी."

"तुम्ही? का पण? उघडायचं नाही असं लिहिलंय वर."

"लिवलंय खरं. पर माशांस्नी वाचता कुठं येतंय?" ती पहिल्यांदाच थोडी हसली. "वरनं जाळी हाय न्हवं? दुधाचा वास. माशा आत जात्यात, मरत्यात. साफ न्हाई केलं तर पंखा घुरघुरतो. तालुक्याला फोन केला तर माणूस आठ दिवसांनी येणार. तवर मी दूध काय डोळ्यांनी मोजू?"

वरची जाळी ही माझी खास करामत होती. गरम हवा वर जाते, मग वरूनच बाहेर काढू, म्हणजे बाजूला जागा नको. कागदावर ते इतकं सुबक दिसत होतं की मी त्या जाळीला भोकांची नक्षीसुद्धा केली होती.

एकदा तोंड उघडल्यावर वनिता बोलत राहिली. तक्रार म्हणून नाही. इतके दिवस विचारणारं कोणी भेटलं नव्हतं म्हणून.

"मागची वायर बघा. ती वळायला चार बोटं जागा लागती. म्हणून डबा भिंतीला टेकत न्हाई, पुढं येतो. पुढं आला की कॅनचा धक्का बसतो. पाय तर हाईतच कुठं? टेबल पुसलं की पाणी खालनं आत. मी खाली बाटल्यांची बुचं लावलीत."

मी वाकून पाहिलं. चार निळी बुचं. माझ्या डब्याला तिने पाय बसवले होते.

"आणि बटण," मुल्लाणीचाचा म्हणाले. त्यांनाही आता राहवेना.

"बटण वर, सपाटीला. वही ठेवली की बंद. चाचा, सगळा घोळ त्या सपाटीचाच हाय. सपाट दिसलं की माणूस त्याच्यावर काय तरी ठेवणारच. चहाचा कप ठेवतंय, फॅटची बाटली ठेवतंय. एक म्हातारी येती, ती तर रोज तिची पानसुपारीची चंचीच ठेवती. किती जणांस्नी सांगू?"

मुल्लाणीचाचा पाय मोकळे करायला उठले आणि कॅनच्या मांडणीमागे डोकावले. तिथून त्यांनी एक वस्तू काढली. प्लायवूडचं, दोन्हीकडे उतरतं केलेलं लहानसं छप्पर. चार कोपऱ्यांना दोन-दोन बोटं उंचीचे लाकडी पाय. सगळ्या कडा पॉलिशपेपरने घासून गोल केलेल्या.

"आणि ह्ये काय म्हणायचं?"

वनिताने ते त्यांच्या हातातून घेतलं. परत ठेवावं की दाखवावं, असं एक क्षण तिचं झालं. मग तिने ते डब्यावर ठेवलं. पाय डब्याच्या कडांवर नेमके बसले.

"बाबांनी केलंय. ते आता काम करत न्हाईत, हात कापतो त्यांचा. पर म्हणाले, पोरी, चुलीच्या धुराड्यावर आपण पत्रा का घालतो? धूर जावा आणि पाऊस येऊ नये म्हणून. ह्येला तसंच कर."

मी ते छप्पर हातात घेऊन बसले. दोन बोटांच्या फटीतून चारही बाजूंनी हवा जाणार. उतारामुळे वर काही ठेवता येणार नाही, ठेवलं तर घसरणार. दूध सांडलं तर ओघळून खाली. माशी जाईल कदाचित, पण वरून काही पडणार नाही. चार वर्षं मी इंजिनिअरिंग शिकले होते आणि धुराडं मी रोज पाहत होते. लाज वाटली. खरी लाज वाटली, आणि त्याच वेळी, हेही सांगते, डोक्यात माप सुरू झालं. एक मिलिमीटरचा पत्रा, एकच तुकडा, तीन वाक.

"मग दसऱ्याच्या दिवशी हे वर नव्हतं का?" मी विचारलं.

"सकाळी हुतं की. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, काढलं हुतं. मला परत घालायचं ध्यान राहिलं न्हाई असं न्हाई. आतलं कुठं दिसतंय? वरनं सगळं पुसून घेतलं आणि घातलं परत."

"काढलं कोणी?"

ती दाराकडे पाहत राहिली. कुत्रं उठून कूस बदलून परत झोपलं.

"वनिताताई, काढलं कोणी?"

"खंडेनवमीला संस्थेची पूजा असती. काटा, मशिन, झाडू, सगळ्याची. यंत्राच्या डोक्यावर लाकूड ठेवून पूजा कशी करायची? डोकं उघडं पायजे." ती हळू आवाजात म्हणाली. "आणि पूजा चेअरमनच करत्यात. दरसाल. सचिवाचं काम ताट धरायचं."

पुढे तिने काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माणसं विळ्याला हळदकुंकू वाहतात, ट्रॅक्टरला वाहतात, काट्याला वाहतात. कुठलंही यंत्र हळदकुंकवाने बिघडत नाही, कारण कुठल्याही यंत्राला कोणी डोक्यावर शेकडो भोकं पाडून ठेवत नाही. मी ठेवली होती. गणपतीपासून दिवाळीपर्यंत ज्या मुलखात प्रत्येक वस्तूवर अक्षता पडतात, त्या मुलखात जन्मून मी ती ठेवली होती. आमच्या घरी तर मी स्वतः लहानपणी वडिलांच्या स्कूटरला झेंडूचा हार घालत असे.

तीन वाजता मगदूमदादांचा फोन आला. मी बाहेर जाऊन बोलले. सगळं सांगितलं. तांदूळ, जाळी, छप्पर, चेअरमनचं सोडून सगळं. ते बराच वेळ ऐकत राहिले.

"पद्मजा," ते म्हणाले, "डिझाइनमध्ये दोष, असा शब्द त्या कागदावर आला तर उद्या संघ दुसऱ्याकडं जाईल. दोष सुधारायला नको म्हणत नाही मी. सुधार. छप्पर कर, काय पाहिजे ते कर. पण कागदावर खोटं लिहू नको आणि जास्तीचंही लिहू नको. आत काय सापडलं?"

"तांदूळ."

"मग तांदूळ लिही."

पटलं मला ते. एवढं सरळ वाटलं की हायसंच झालं. कारखान्यात बावीस माणसं होती, ऑर्डर गेली तर त्यातली निम्मी घरी जाणार होती, हे मी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण मला जी भीती वाटत होती ती बावीस माणसांसाठी नव्हती. माझ्या पहिल्या डब्याला कोणी वाईट म्हणू नये, एवढंच होतं ते.

संघाचा छापील फॉर्म होता. "बिघाडाचे कारण" या रकान्यात दोन ओळींची जागा. खाली तीन सह्या: बनवणाऱ्याची, वापरणाऱ्याची, संघाची. मी लिहिलं, "तांदूळ, हळद व फुलांच्या पाकळ्या आत गेल्याने पंखा अडकून यंत्र तापले." दोन ओळी बरोबर भरल्या. चिंधीतून हळद झिरपून कागदाच्या कोपऱ्याला माझ्या बोटाचा पिवळा डाग लागला होता. तो पुसायला गेले तर जास्तच पसरला.

पाचला दहा कमी असताना इनामदारसाहेब जीपमधून उतरले. त्यांच्याबरोबर चेअरमन रंगराव. पांढरेशुभ्र कपडे, कपाळावर गंध, बोलायला अत्यंत गोड माणूस. आल्या आल्या त्यांनी माझ्या बोटाची चौकशी केली. इनामदारांनी फॉर्म वाचला.

"म्हणजे पूजेचं सामान आत गेलं."

"व्हय साहेब," चेअरमन म्हणाले. "काय सांगायचं, बाईमाणूस. देवभोळी. यंत्र हाय का देव, कळत न्हाई."

वनिताने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मुल्लाणीचाचाही माझ्याकडे पाहत होते. ते छप्पर त्यांनी टेबलाखाली पायांशी ठेवलेलं होतं, माझ्या एका शब्दावर ते वर आलं असतं.

"चौगुले मॅडम," इनामदार म्हणाले, "डब्यात काही दोष वाटतो तुम्हाला? मला ऑर्डर पुढं पाठवायची आहे. स्पष्ट सांगा."

माणूस सरळ होता. त्याने सरळ विचारलं होतं. आजही मला ती खोली जशीच्या तशी दिसते. भिंतीवरचा दुधाच्या दरांचा फळा, उपडे कॅन, आणि मी.

"दोष नाही," मी म्हणाले. "पण पुढच्या डब्यांना आम्ही वरून एक आच्छादन देणार आहोत. सुधारणा म्हणून."

"उत्तम." त्यांनी पेन काढलं. "सचिवबाई, सही करा."

वनिताने फॉर्म हातात घेतला आणि अख्खा वाचला. वरचं छापील, मधलं माझं, खालचं छापील. तिने सही केली. वळणदार, पूर्ण नावाची. मग फॉर्म माझ्याकडे देताना, मलाच ऐकू येईल इतक्या बेताने, ती म्हणाली, "खरं हाय ह्ये. निम्मं हाय."

बाहेर किटल्या वाजायला लागल्या होत्या. लोक दूध घेऊन आले होते. तिने वही उघडली, काटा शून्यावर आणला आणि पहिल्या म्हातारीचं दूध हाताने लिहून घ्यायला सुरुवात केली. आम्ही निघालो तेव्हा ती वर बघत नव्हती.

मोटारसायकल मुल्लाणीचाचा चालवत होते आणि मी मागे बसले होते. शिरोलीला कारखान्याच्या दारात उतरल्यावर ते म्हणाले, "बोट जपा." त्यांचं माझ्यावर रागावणं ते एवढंच.

ऑर्डर आली. आच्छादन झालं. एक मिलिमीटरचा पत्रा, एकच तुकडा, तीन वाक, चारही बाजूंना दोन बोटं फट. डबा सात लिटरच्या वर गेला आणि कोणाचं काही बिघडलं नाही. मागे वायर वळायला मी खाच दिली, खाली रबरी पाय दिले, बटण पुढच्या अंगाला आणलं. आतल्या कडा तेवढ्या राहिल्या. त्या दुमडायच्या तर सगळं ड्रॉइंग नव्याने करावं लागलं असतं, आणि पुन्हा आत कोण हात घालणार आहे. डबा दुसऱ्या संघांत गेला, रेशन दुकानांत गेला, ग्रामपंचायतींत गेला. मी डिझाइन विभागाची प्रमुख झाले. पुण्याच्या एका प्रदर्शनात कोणीतरी विचारलं, हे उतरतं छप्पर तुम्हाला कसं सुचलं? मी म्हणाले, घराच्या धुराड्यावरून. लोकांना ते फार आवडलं.

ड्रॉइंगवर त्या तुकड्याचं नाव भाग क्रमांक सात. पण कारखान्यात त्याला कोणी सात म्हणत नाही. मुल्लाणीचाचांनी पहिला तुकडा वाकवला त्या दिवशी खडूने त्यावर लिहिलं "वनिता", आणि तेच नाव पडलं. "वनिताचे चाळीस नग झाले." "वनिता रंगाला गेली का?" नवीन लागलेल्या कामगारांना वाटतं, तो शब्द कुठल्या तरी मशिनच्या पुस्तकातला असावा. गेली कित्येक वर्षं मी तो दिवसातून दहादा ऐकते आहे.

वनिताला दिवाळीनंतर काढलं. चेअरमनच्या चुलतभावाचा जावई सचिव झाला. हे मला महिन्याभरातच कळलं होतं.

नऊ वर्षांनी मुल्लाणीचाचा निवृत्त व्हायला आले. शेवटचा महिना उरला तेव्हा ते माझ्या केबिनमध्ये आले, खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "म्याडम, एकदा आंबर्डेवाडीला जाऊन येऊ. मला जाण्याआधी जायचंय."

मी हो म्हणाले. जायच्या दिवशी सकाळी मी एक कागद लिहिला. बरोबर एक नवा डबा घेतला.

वनिता घराच्या पडवीत पोळपाट घासत बसली होती. वडील गेले होते, पण त्यांची हत्यारं होती, आणि ती आता आठ-दहा गावांत पोळपाट-लाटणी विकत होती. थोरला मुलगा इचलकरंजीला कामाला लागला होता. तिने आम्हाला ओळखलं. चहा टाकायला उठली.

पडवीच्या कोपऱ्यात माझा डबा होता. पहिला, साडेसहा लिटरचा. खालची चार निळी बुचं अजून जागच्या जागी. जाळीचं झाकण काढून बाजूला टेकवलेलं आणि आत लसणाच्या गड्ड्या.

"संस्थेनं भंगारात टाकला हुता," ती कपबशा आणत म्हणाली. "मी मागून घेतला. लसणाला फार चांगला हाय. वरनं हवा खेळती, बुरशी धरत न्हाई."

मी तिला कागद दिला. त्यावर लिहिलं होतं की दोन हजार बारा सालच्या दसऱ्याला आंबर्डेवाडी संस्थेत झालेला बिघाड डब्याच्या वरच्या जाळीच्या चुकीच्या रचनेमुळे झाला, तो दोष माझ्या डिझाइनचा होता, वापरणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती, आणि नंतर केलेलं छप्पर वनिता सुतार व त्यांच्या वडिलांच्या कल्पनेवरून घेतलं. खाली माझी सही आणि तारीख.

"याची एक प्रत संघाला पाठवली आहे," मी म्हणाले. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. घाबरले. माफ करा म्हणायलासुद्धा तोंड नाही मला."

तिने अख्खा कागद वाचला, तसाच, वरपासून खालपर्यंत. शेवटी तिचं बोट तारखेवर थांबलं.

"तारीख आजचीच घातलीसा, तवाची न्हाई," ती म्हणाली. "ते बरं केलंसा."

तिने कागदाची घडी घातली आणि लसणाच्या डब्यात, एका बाजूला, उभी सरकवली. मग नवा डबा मांडीवर घेतला. छपरावरून हात फिरवला, फटीत दोन बोटं घालून माप पाहिलं, मान हलवली. झाकण सरकवून तिने आत हात घातला, सावकाश, अंदाज घेत. पट्टीच्या मागच्या कडेवर तिचा अंगठा थांबला आणि तिने तो अलगद मागे घेतला.

"ह्ये तसंच हाय अजून," ती म्हणाली. रागाने नाही. पोळपाटाचा एक पाय आखूड राहिला तर जसं सांगतात तसं.

चहा झाला. मुल्लाणीचाचांनी मोठ्या सुनेसाठी एक पोळपाट घेतला. उन्हं उतरायच्या आत आम्ही निघालो. या वेळी कार होती, ती मी चालवत होते आणि पोळपाट मांडीवर घेऊन ते शेजारी बसले होते. गाडी हायवेला लागली.

"चाचा," मी म्हणाले, "तुम्ही जायच्या आधीचा शेवटचा लॉट आहे ना, त्याच्या आतल्या सगळ्या कडा दुमडून घ्या."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पर बाजूला तीन-तीन मिलिमीटर वाढंल."

"वाढू दे," मी म्हणाले.